फर्दापूरच्या डोंगरातील साहेबाचे इंग्रजी : चित्रपटसंवादातील वाक्प्रयोगाच्या स्वाभाविकतेचा विचार

अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशाच्या दिशेने येणाऱ्यास पायथ्याशी जे ठळक गाव लागते ते फर्दापूर. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यातील हे गाव जुन्या सराईसाठी आणि लेणी पाहावयास येणाऱ्यांच्या मुक्कामासाठी पूर्वापार परिचित आहे. निजामाच्या राज्यातील या मुलखात ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली मद्रास लष्करातील एका अधिकाऱ्याची लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक केली. त्याचे नाव रॉबर्ट गिल. पुढील अनेक वर्षे तो या डोंगरात राबला. त्याने पाठविलेल्या तैलचित्रांपैकी बहुतेक सर्व १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. १८७९ साली तो वारला व भुसावळ येथे त्याचे दफन झाले. १८५६ साली वारलेल्या पारो नावाच्या स्थानिक स्त्रीशी त्याचे जे नाते होते त्याचा आठव अजिंठा गावातील तिच्या कबरीने राखला आहे. याच परिसरातील पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर यांनी या कथेवर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले आणि त्याच्या आधारे नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ साली त्याच नावाचा मराठी चित्रपट काढला.

या कथेने भाषाभ्यासकापुढे एक मोठा मनोरंजक प्रश्न ठेवला आहे. मराठी चित्रपटात १८४५ च्या सुमाराचा इंग्रज अधिकारी मधूनच एखादे इंग्रजी वाक्य उच्चारतो. प्रेक्षकांपैकी एक जण म्हणतो, “अगदी साहेबासारखे बोलला.” दुसरा म्हणतो, “असे कोणी इंग्रज बोलणार नाही.” दोघेही मराठी भाषक आहेत, दोघांचेही इंग्रजी शाळेत शिकलेले आहे. मग यांपैकी कोणाचा निर्णय ग्राह्य मानावा, आणि तो कोणत्या प्रमाणावर? येथे जी वाक्ये उदाहरणादाखल घेतली आहेत ती कोणत्याही चित्रपटातून उतरवून घेतलेली नाहीत. मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून ती रचली आहेत, हे आरंभीच सांगितलेले बरे.

‘स्वाभाविक’ या शब्दात सामान्यतः तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालविल्या जातात. वाक्य व्याकरणशुद्ध आहे काय, हा एक प्रश्न. ते वाक्य त्या भाषेचे बोलणारे प्रत्यक्षात वापरतात काय, हा दुसरा. आणि हे विशिष्ट वाक्य या विशिष्ट माणसाने, या वेळी, या ऐकणाऱ्यापुढे उच्चारावे असे आहे काय, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर व्याकरणग्रंथ देऊ शकतो. शाळेत आपण तेवढेच शिकतो, आणि म्हणून तेच इतर दोन प्रश्नांनाही लावतो. पण शुद्ध असूनही कोणी न बोलणारी वाक्ये प्रत्येक भाषेत विपुल असतात. मराठीत झोप ‘गाढ’ असते, ‘खोल’ नसते. ऊन ‘कडक’ आणि चहाही ‘कडक’, पण ‘कठीण चहा’ कोणी मागत नाही. इंग्रजीत झोप खोल असते आणि पाऊस जड असतो. त्याच न्यायाने मराठीत ‘जड पाऊस पडला’ असे लिहिणाऱ्याने व्याकरणाचा एकही नियम मोडलेला नसतो. शब्दांच्या या परस्परसोबतीचा, म्हणजे सहसंयोगाचा, विचार जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात आग्रहाने मांडला. हे फर्थ तरुणपणी लाहोरच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, ही गोष्ट येथे सहज नमूद करण्यासारखी आहे.

सहसंयोगाची जाण मातृभाषकास आपोआप असते, आणि परभाषकास ती वाचनाने व ऐकण्याने कमवावी लागते. म्हणून ‘मातृभाषकास विचारा’ असा सल्ला लगेच दिला जातो. तो योग्य आहे. मात्र आपल्या प्रस्तुत साहेबापुरता अपुरा आहे. कारण आज हयात असलेला कोणताही इंग्रज १८४५ च्या इंग्रजीचा मातृभाषक नाही. आपल्यापैकी कोणी पेशवाईच्या अखेरच्या काळातील मराठी संभाषणाविषयी केवळ कानावर विसंबून निर्णय देऊ लागला तर त्याची जी गत होईल, तीच त्या इंग्रजाचीही होईल.

या ठिकाणी काळाची कसोटी उपयोगी पडते, आणि ती बरीच काटेकोर आहे. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला; त्याचे वैशिष्ट्य असे की शब्दाच्या प्रत्येक अर्थासाठी तो तारखेनिशी अवतरणे देतो. त्यावरून आणि तत्सम साधनांवरून काही शब्दांची जन्मवेळ निश्चित सांगता येते. ‘ओके’ ही अक्षरे २३ मार्च १८३९ च्या बोस्टन येथील एका वृत्तपत्रात थट्टेच्या संक्षेपाच्या रूपाने प्रथम छापली गेली. सहा वर्षांनंतर अजिंठ्याच्या डोंगरात एका मद्रासी पलटणीच्या अधिकाऱ्याने नोकराला ‘ओके’ म्हणणे जवळजवळ अशक्य आहे. ‘सायंटिस्ट’ हा शब्द विल्यम व्ह्यूएल यांनी घडविला व तो १८३४ साली छापला गेला; पण इंग्लंडातील विद्वान त्याकडे पुढे अनेक वर्षे नाके मुरडीत होते. ‘आय विल कॉन्टॅक्ट यू’ यातील ‘कॉन्टॅक्ट’ हे क्रियापद संपर्क साधण्याच्या अर्थाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेतून पसरले. ‘हॅलो’ ही भेटीची सलामी टेलिफोनबरोबर, म्हणजे १८७० च्या दशकाच्या अखेरीनंतर, रूढ झाली. तत्पूर्वी त्याचे भाऊबंद शब्द लांबच्या माणसाला हाक मारण्यास किंवा आश्चर्य दाखविण्यास वापरीत. तेव्हा घोड्यावरून उतरून भेटीस आलेल्या पाहुण्याला गिलने ‘हॅलो’ म्हटले तर ती कालविसंगती होय. उलट ‘फोटोग्राफ’ हा शब्द त्याच्या तोंडी खुशाल घालावा. हा शब्दसमूह जॉन हर्शल यांनी १८३९ साली रूढ केला होता, आणि १८५६ पासून गिल स्वतःच छायाचित्रे घेऊ लागला होता. जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्याची छायाचित्रे १८६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाली.

शब्दांच्या बाबतीत लेखक निदान सावध तरी असतो. वाक्यरचनेच्या बाबतीत मात्र फसगत उलट्या दिशेने होते: जे त्या काळी अगदी सहज होते तेच आज चूक वाटते. याची काही उदाहरणे विस्ताराने पाहण्यासारखी आहेत.

समजा, पटकथेत गिल म्हणतो, ‘द ब्रिज इज बिल्डिंग’, म्हणजे पूल बांधला जात आहे. आजचा मराठी प्रेक्षक हसेल. ‘इज बीइंग बिल्ट’ हवे, हे आठवीच्या मुलालाही ठाऊक असते. परंतु ‘इज बीइंग बिल्ट’ हा अपूर्ण वर्तमानकाळातील कर्मणी प्रयोग अठराव्या शतकाच्या अखेरीस नुकताच पुढे आला होता. एकोणिसाव्या शतकात बराच काळ जुन्या वळणाचे लोक त्याला गावंढळ व बोजड समजत, आणि ‘द हाऊस इज बिल्डिंग’ हीच शिष्टसंमत रचना होती. १८०४ साली जन्मलेल्या माणसाच्या तोंडी ती शोभते, किंबहुना चाळिशीतील एखाद्या सनातनी अधिकाऱ्याच्या तोंडी तीच अधिक शोभते. तीच गोष्ट ‘ही इज कम’ किंवा ‘दे आर अराइव्ह्ड’ या रचनांची. गतिवाचक क्रियापदांबरोबर ‘हॅव’ऐवजी ‘बी’ हे सहायक क्रियापद वापरण्याची चाल तेव्हा मोडकळीस आली होती, पण पुरती गेली नव्हती. मराठीतही ‘तो आला आहे’ असेच आपण म्हणतो. म्हणून ‘ही इज कम’ ऐकताच ‘हे मराठीवरून ओढलेले इंग्रजी’ असा शिक्का मारण्याचा मोह होतो. येथे मातृभाषेचा दोष नसून इंग्रजीचाच इतिहास बोलत असतो.

प्रश्नार्थक वाक्यातही हेच. ‘डू यू हॅव एनी पेपर?’ हे आज सर्वत्र चालते. त्या काळचा इंग्रज ‘हॅव यू एनी पेपर?’ असे विचारील. नकारातही तो ‘आय हॅव नो पेपर’ म्हणेल. सर्वांत चमत्कारिक उदाहरण ‘ही डोन्ट’ याचे आहे. शाळेतील शिक्षक या ‘डोन्ट’वर लाल रेघ ओढील, आणि चित्रपटातील एखाद्या अडाणी पात्रासाठी लेखक तो मुद्दाम राखून ठेवील. परंतु एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश उमरावांच्या व लष्करी अधिकाऱ्यांच्या मोकळ्या बोलण्यात ‘ही डोन्ट’ आणि ‘इट डोन्ट’ हे प्रयोग सर्रास होते व त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. म्हणजे, जो प्रयोग आज अशिक्षितपणाची खूण म्हणून वापरला जातो तो एके काळी खानदानीपणाची खूण होता. अशा वेळी पटकथालेखकाने काय करावे? अस्सल प्रयोग घातला तर प्रेक्षक त्याला नटाची चूक समजणार. न घातला तर जाणकार हळहळणार. अशा प्रयोगांपैकी जे केवळ जुने वाटतात ते ठेवावेत आणि जे चुकीचे वाटतात ते वगळावेत, हा मार्ग व्यवहार्य दिसतो. ‘हॅव यू एनी पेपर?’ हे वाक्य प्रेक्षकाला जुन्या काळात नेते. ‘ही डोन्ट’ त्याला चित्रपटाबाहेर काढते.

त्या काळचे बोलणे कळावे कसे, हा पुढचा प्रश्न. पत्रे व अहवाल पुष्कळ उपलब्ध आहेत, पण अहवालाची भाषा म्हणजे बोलण्याची भाषा नव्हे. चित्रपटातील इंग्रज अधिकारी जेवणाच्या टेबलावरही सरकारी खलित्याप्रमाणे बोलतो, याचे कारण बहुधा हेच की लेखकाने अभ्यास केलेला असतो आणि तो खलित्यांचाच केलेला असतो. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील खटल्यांचे १६७४ ते १९१३ या काळातील छापील वृत्तांत या दृष्टीने अधिक मोलाचे आहेत. साक्षीदारांनी जे तोंडी सांगितले ते त्यांत पुष्कळसे त्यांच्याच शब्दांत आढळते. कादंबऱ्यांतील संवादही उपयोगी, मात्र तेथेही कादंबरीकाराचा संकेत मध्ये असतोच. विल्यम थॅकरे हा कलकत्त्यास जन्मलेला. त्याची १८४७-४८ मधील ‘व्हॅनिटी फेअर’ ही कादंबरी हिंदुस्थानातून परतलेल्या इंग्रजांचे बोलणे कसे वाटे याचा चांगला अंदाज देते.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर एक साधन आपल्या घरातच आहे आणि त्याकडे या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. जेम्स मोल्सवर्थ हा कंपनीच्या लष्करातील अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला व दुसरी आवृत्ती १८५७ साली. आपण तो मराठी शब्दांसाठी उघडतो. परंतु त्यातील प्रत्येक मराठी शब्दासमोर गिलच्याच काळात मराठी मुलखात वावरलेल्या एका लष्करी इंग्रजाचे इंग्रजी उभे आहे. शेत, गुरे, भांडणे, शिव्या, स्वयंपाक, पाऊस यांविषयी त्या वर्गातील माणूस कोणते इंग्रजी शब्द वापरी याचा एवढा भरगच्च पुरावा अन्यत्र मिळणे कठीण. मेजर थॉमस कँडी यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश त्याच्या जोडीला ठेवला म्हणजे उलट बाजूनेही पडताळा घेता येतो.

हिंदुस्थानात वर्षानुवर्षे राहिलेल्या इंग्रजाची भाषा विलायतेतील इंग्रजाहून निराळी होती, हेही विसरता कामा नये. हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा १८८६ चा कोश या मिश्र शब्दसंपत्तीचा खजिनाच आहे. ‘चिट’, ‘बंदोबस्त’, ‘पक्का’, ‘शिकार’ हे शब्द साहेबाच्या इंग्रजीत घरच्यासारखे वावरत. ‘टिफिन’ म्हणजे दुपारचे हलके जेवण. आज मराठीत ‘टिफिन’ म्हटले की डोळ्यांपुढे डबा येतो. त्यामुळे गिलने ‘टिफिन’ घेतला असे म्हणताच प्रेक्षकाला तो डबा उचलून निघाला असे वाटावयाचे! या कोशातील एक भेद विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. पत्रांच्या वाहतुकीस उत्तर हिंदुस्थानात ‘डाक’ म्हणत, तर दक्षिणेत, मद्रास इलाख्यात, त्याच अर्थाने ‘टप्पाल’ म्हणत. गिल मद्रास लष्करातला. तेव्हा लंडनहून आलेल्या पत्राची तो वाट पाहत असेल तर तो ‘टप्पाल’ची चौकशी करील. हिंदी चित्रपटांच्या सवयीने पटकथालेखक येथे ‘डाक’ लिहून जातो. वास्तविक अस्सल शब्द मराठी प्रेक्षकाला त्याहून जवळचा आहे, कारण ‘टपाल’ त्याच्या तोंडी रोजच असतो.

आता ऐकणारा कोण, याचा विचार करावयास हवा. स्वाभाविकतेचा निर्णय बहुतेक वेळा येथेच लागतो. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) या चित्रपटात १८५६ च्या लखनौतील जनरल औट्रम आपल्या सहायकाशी इंग्रजीत बोलतो. दोघेही इंग्रज, प्रसंग कचेरीतला. तेथे इंग्रजीचे प्रयोजन विचारावे लागत नाही. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनी ती भूमिका स्कॉटिश वळणाच्या उच्चारात केली, आणि ज्याचे बालपण अ‍ॅबर्डीनला गेले त्या औट्रमच्या बाबतीत ती निवड साधार होती. (हाच औट्रम तरुणपणी, १८२५ नंतर, अजिंठ्याच्या डोंगराला लागून असलेल्या खानदेशात भिल्लांची पलटण उभारीत होता.) गिल आणि पारो यांची स्थिती याहून सर्वस्वी भिन्न. पारोला इंग्रजी येण्याचे कारण नाही. तिच्याशी बोलताना गिलने इंग्रजी वाक्य उच्चारले तर ते कितीही निर्दोष असो, त्याचे स्थान अस्वाभाविक ठरते. कारण ते वाक्य पारोसाठी नसून चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकासाठी असते. ‘हा इंग्रज आहे बरे का’ अशी आठवण करून देण्यापुरता त्याचा उपयोग.

मग अशा माणसाच्या तोंडी त्याची मातृभाषा केव्हा येईल? परमुलखात वर्षे काढलेल्या माणसांच्या भाषाव्यवहाराकडे पाहिले तर काही जागा ठरीव आढळतात. आकडे मोजताना, मोजमाप घेताना, चटका बसल्यावर, रागाने, स्वतःशी पुटपुटताना, कुत्र्याशी किंवा घोड्याशी बोलताना माणूस आपल्या पहिल्या भाषेकडे वळतो. लेण्याच्या अंधारात ओल आलेल्या भिंतीपुढे चौकटींची मापे घेणारा गिल इंग्रजीत आकडे पुटपुटेल. वटवाघूळ अंगावर आले तर एखादा इंग्रजी उद्गार निघेल. हे दोन-चार तुटक शब्द एखाद्या घडीव प्रेमवाक्याहून अधिक काम करतात. पारोने ते आकडे ऐकून ऐकून उचलले आणि एके दिवशी स्वतःच म्हणून दाखविले, असे दाखविता आले तर त्यात दोघांचे नाते आणि भाषेचे सत्य दोन्ही साधतात. नात्याची अशी कथा शेवटी भाषेच्या आधारावर उभी असते. दोन माणसे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलली हे जर खोटे वाटले, तर ती एकमेकांची होती हेही खोटे वाटू लागते.

आगीच्या वार्तेचा प्रसंग घ्या. १८६६ नंतर केव्हातरी ती बातमी येथवर पोचली असणार. येथे पटकथेत सहानुभूतीचे इंग्रजी वाक्य घालण्याचा मोह अनिवार होतो. ‘आय अ‍ॅम सॉरी फॉर युअर लॉस’ हे वाक्य आज दूरचित्रवाणीवरील अमेरिकन मालिकांमुळे सर्वांच्या कानावर आहे आणि म्हणूनच ते ‘नैसर्गिक’ वाटते. त्या काळातील सहानुभूतीची भाषा पत्रांतून दिसते, आणि ती यापेक्षा लांबट, औपचारिक व पुष्कळदा ईश्वरेच्छेचा उल्लेख करणारी आहे. यावरून ध्यानात येईल की, मराठी प्रेक्षकाचा इंग्रजीविषयीचा ‘कान’ हा बहुधा अमेरिकन पडद्याने घडविलेला कान असतो. त्याला जे स्वाभाविक वाटते ते म्हणजे त्याने इतर चित्रपटांत ऐकलेले असते, आणि चित्रपटांचे संवाद परस्परांचे अनुकरण करीत आलेले असतात.

वर मातृभाषकास विचारण्याचा उल्लेख आला. वर्तमानकाळातील पात्राच्या बाबतीत हा उपाय उत्तमच आहे; पण विचारण्याची रीत बिघडली की उत्तरही बिघडते. ‘हे बरोबर आहे का?’ असे विचारले असता निवेदक व्याकरणाचे उत्तर देतो, कारण आपली परीक्षा घेतली जात आहे असे त्याला वाटते. त्याऐवजी प्रसंग सांगावा आणि ‘अशा वेळी तुम्ही काय म्हणाल?’ असे विचारावे. नंतर आपले वाक्य पुढे ठेवावे. ‘मी असे म्हणणार नाही’ या उत्तराचा अर्थ ‘कोणीच म्हणत नाही’ असा होत नाही. ग्लासगोच्या माणसाचा आणि केंटमधील माणसाचा नकार एकाच वजनाचा नसतो. म्हणून निरनिराळ्या वयांच्या व प्रांतांच्या निवेदकांना विचारणे इष्ट. शिवाय एकच वाक्य पुनःपुन्हा ऐकविले म्हणजे निर्णयशक्ती बोथट होते. आरंभी खटकलेली रचना दहाव्या वेळी चालण्यासारखी वाटू लागते, हे प्रयोगांनीही दिसून आले आहे. तालमीत तेच वाक्य पन्नास वेळा ऐकलेला दिग्दर्शक त्याच्या स्वाभाविकतेचा सर्वांत वाईट परीक्षक, तो याच कारणाने.

निवेदकाच्या जोडीला छापील भाषेचे मोठे संग्रह, ज्यांना कॉर्पस म्हणतात, उपयोगी पडतात. या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाने १९६१ साली छापलेल्या अमेरिकन इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह केला. ब्रिटिश इंग्रजीसाठी त्याच वर्षाचा समांतर संग्रह झाला. भारतीय इंग्रजीचा तसाच संग्रह कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झाला. १९७८ साली छापलेल्या मजकुरातून सुमारे दोन हजार शब्दांचे ५०० उतारे त्यासाठी घेतले गेले, आणि जगभर तो ‘कोल्हापूर कॉर्पस’ याच नावाने ओळखला जातो. एखादा प्रयोग भारतीय छापील इंग्रजीत खरोखरच रुळला आहे की तो आपल्या कल्पनेतील भारतीय इंग्रजीचा आहे, हे पाहण्यास तो फार उपयुक्त. परंतु त्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. तो छापील भाषेचा आहे, संभाषणाचा नाही. आणि जो प्रयोग पन्नास लाख शब्दांत सरासरीने एकदा येतो, तो दहा लाखांत न सापडणे हीच अपेक्षित गोष्ट आहे. न सापडण्यावरून तो अस्तित्वातच नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

ही मर्यादा फर्दापूरच्या तिठ्यावर उभे राहिले असता विशेष जाणवते. येथून लेण्यांकडे जाणाऱ्या बसगाड्या सुटतात. दगड, स्फटिक व चित्रपुस्तके विकणारे आणि वाट दाखविणारे येथे भेटतात. यांतील अनेकांचे इंग्रजी केवळ कानाने मिळविलेले असते. अशा माणसाचे पात्र चित्रपटात आणावयाचे झाले की लेखक दोन सोप्या वाटांपैकी एक धरतो. एक तर त्याला सफाईदार इंग्रजी देतो, नाहीतर ‘आय अ‍ॅम नॉट नोइंग’ हे ठरलेले विनोदी वाक्य देतो. दुसरी वाट अधिक अन्यायाची आहे. ‘मला ठाऊक नाही’ या मराठी वाक्यात अपूर्णकाळाचा मागमूसही नाही. मग तो मराठी माणसाच्या इंग्रजीत आला कोठून? तो आला विनोदी चित्रपटांच्या परंपरेतून, जेथे सर्व प्रांतांच्या ग्रामीण माणसांना एकच मोडके इंग्रजी वाटून दिलेले असते.

मराठीचा खरा ठसा निराळ्या जागी उमटतो. ‘बंद करणे’ हे क्रियापद दाराला व दिव्याला सारखेच लागते, म्हणून ‘क्लोज द लाइट’ असे सहज म्हटले जाते. ‘नाही का?’ या पुरवणीने ‘इजन्ट इट?’ला सर्व वाक्यांच्या शेपटीला बांधले. आणि निश्चयार्थक ‘च’ने ‘ओन्ली’ला आपले काम दिले: ‘मी इथेच आहे’ म्हणजे ‘आय अ‍ॅम हिअर ओन्ली’. यातून एक गमतीचा प्रसंग संभवतो. वाटाड्या म्हणतो, ‘पद्मपाणि इज इन केव्ह वन ओन्ली.’ त्याला म्हणावयाचे असते की पद्मपाणि पहिल्या लेण्यातच आहे, पुढे जाण्याची घाई करू नका. इंग्रज प्रवासी समजतो की पद्मपाणीचे हे चित्र फक्त पहिल्याच लेण्यात आहे, अन्यत्र नाही. ते विख्यात चित्र पहिल्या लेण्यात असल्यामुळे दोन्ही अर्थ चालून जातात व गैरसमज झाला हे दोघांपैकी कोणालाच कळत नाही. असे वाक्य स्वाभाविक म्हणावे की नाही? इंग्रजाच्या इंग्रजीत ते विपरीत, पण या पात्राच्या तोंडी ते पूर्ण स्वाभाविक, आणि प्रेक्षकाने त्यावर हसण्याचेही कारण नाही.

उच्चाराविषयीही हेच लागू पडते. अशोक केळकर यांनी १९५७ साली ‘वर्ड’ या नियतकालिकात मराठी भाषकांच्या इंग्रजीच्या उच्चारणावर स्वतंत्र लेख लिहिला. मराठी वळणाचे इंग्रजी ही चुकांची रास नसून तिला स्वतःची व्यवस्था आहे, ही दृष्टी त्यामुळे अभ्यासकांना मिळाली. ही व्यवस्था प्रांताप्रांतांत बदलते, आणि हिंदी चित्रपट ती सरसकट पुसून टाकतो. गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) या चित्रपटाची नायिका शशी गोडबोले ही पुण्याची मराठी गृहिणी. चित्रपटाने तिच्या अपुऱ्या इंग्रजीकडे सहानुभूतीने पाहिले, त्यात शंका नाही. तथापि शीर्षकातील प्रतिध्वनी शब्दाकडे पाहावे. ‘चहाबिहा’, ‘पुस्तकबिस्तक’ म्हणणाऱ्या मराठी जिभेवर ‘इंग्लिश-बिंग्लिश’ येईल. ‘व’ ने आरंभ होणारा प्रतिध्वनी हा हिंदीचा. एका अक्षराचा हा फरक हिंदी प्रेक्षकाला जाणवणार नाही आणि त्याला तो जाणवण्याची गरजही नाही, पण सदाशिव पेठेतल्या श्रोत्याला गोडबोले हे आडनाव आणि तो ‘व’ एकत्र ऐकताना क्षणभर अडखळल्यासारखे होते.

गिलच्या बाबतीत असा श्रोता आज कोठेच नाही. त्याच्या काळचे इंग्रजी ऐकलेले कान उरले नाहीत; उरली आहेत ती पत्रे, कोश, खटल्यांचे वृत्तांत, आणि दहाव्या लेण्यातील खांबावर १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने कोरलेली अक्षरे. त्या डोंगरात इंग्रज माणसाने मागे ठेवलेला तो बहुधा सर्वांत जुना इंग्रजी मजकूर. त्यात आश्चर्याचा उद्गार नाही, कलेविषयी शब्द नाही. आहे ते स्वतःचे नाव, आपली पलटण आणि तारीख. प्रथमच ती चित्रे पाहणाऱ्या साहेबाच्या तोंडी पटकथालेखक याहून पुष्कळ अधिक शब्द घालील.